ऐतिहासिक सिनेगॉगचा जीर्णोद्धार आणि विस्तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, वारशाने लाभलेल्या आणि त्याच आवारात आज मुलांचे वर्ग, ज्येष्ठांच्या बैठका, सणांची सामुदायिक भोजने व व्याख्याने भरवू इच्छिणाऱ्या समाजाच्या विश्वस्तांना आणि बांधकाम समितीला पडणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांमागची धारणा आधीच सांगितलेली बरी. आधुनिक गरजांचा भार जुन्या प्रार्थनागृहावर कमीत कमी टाकावा आणि तो जोडइमारतीने उचलावा, असे आमचे मत आहे. जेथे हे शक्य होत नाही तेथे काय करावे, हेही जागोजागी सांगितले आहे.

विस्ताराची खरोखर गरज आहे, हे कसे ठरवावे?

"जागा पुरत नाही" या तक्रारीची आधी फोड करावी. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) या दिवसांत प्रार्थनागृह ओसंडून वाहते आणि उरलेले वर्षभर निम्मे बाक रिकामे असतात, हे चित्र बहुतेक सिनेगॉगमध्ये दिसते. या तीन-चार दिवसांसाठी प्रार्थनागृह मोठे केले, तर एरवी जमणारी वीस-पंचवीस माणसे त्या पोकळीत हरवून जातात. त्यापेक्षा त्या दिवसांपुरती दुसरी प्रार्थना सभागृहात भरवावी. मात्र वर्गांना खोली नाही, प्रार्थनेनंतर चार माणसांना उभे राहून बोलायला जागा नाही, स्वच्छतागृह आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, अशी तक्रार असेल, तर ती प्रार्थनागृहाच्या आकाराची नसून आजूबाजूच्या सोयींची आहे. वर्षभर एक साधी नोंदवही ठेवून कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत किती माणसे होती हे लिहीत गेल्यास वास्तुविशारदाला त्याहून उपयोगी कागद दुसरा देता येणार नाही.

समाजच वाढल्यामुळे प्रार्थनागृह मोठे करावे लागल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईत भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी १८६४ मध्ये बांधले आणि वाढत्या समाजासाठी जेकब ससून यांनी १९१० मध्ये त्याचा विस्तार केला. म्हणजे आज आपण जिला "मूळ वास्तू" म्हणतो ती अनेकदा आधीच्या विस्तारासह मूळ असते, आणि तो विस्तारही जपण्याच्या यादीत येतो.

कामाची सुरुवात कोठून करावी?

पाण्यापासून. छप्पर, पन्हळी, पावसाचे पाणी वाहून नेणारे नळ आणि जोत्याभोवतीचा उतार या चार गोष्टी नीट झाल्याशिवाय आतल्या रंगकामाला किंवा सोनेरी मुलाम्याला हात लावू नये. भिंतीवर लोणा दिसत असेल, म्हणजे पांढरी पूड सुटून गिलावा पोपडे धरत असेल, तर तो रंगाचा दोष नाही. कोठून तरी ओल भिंतीत शिरत आहे आणि वाळताना क्षार पृष्ठभागावर सोडून जात आहे. पावसाळी आणि कोरडा असे दोन्ही ऋतू पाहिल्याशिवाय या ओलीचे निदान पक्के होत नाही.

भेगांचेही तसेच आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवतात. काही महिन्यांनी पट्टी शाबूत असेल तर ती भेग जुनी आणि स्थिर आहे. पट्टी तडकली असेल तर भिंत अजून हलत आहे आणि पाया तपासण्यावाचून गत्यंतर नाही. आज भेगेची हालचाल मिलिमीटरच्या अंशांपर्यंत मोजणारी मापके मिळतात, पण तडकलेली काच पाहून समितीचे सदस्य जितके गंभीर होतात तितके आलेख पाहून होत नाहीत.

या पाहणीबरोबरच संपूर्ण वास्तूची मोजणी, आराखडे, छायाचित्रे आणि रंगांच्या थरांचे नमुने यांची नोंद पूर्ण करावी, कारण काम सुरू झाल्यावर जे खरवडले जाते त्याची नोंद पुन्हा करता येत नाही.

जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चालेल का?

चुन्यात बांधलेल्या भिंतीला चालत नाही. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, तर कडक सिमेंट ती आत कोंडते. मग पाणी मऊ विटेतून किंवा दगडातून वाट काढते आणि गिलाव्याऐवजी वीटच झडू लागते. दरजा भरतानाही हाच नियम पाळावा. आधीच्या पिढीने केलेला सिमेंटचा लेप काढताना छिन्नीने वीट दुखावते, म्हणून हे काम चुन्याची सवय असलेल्या गवंड्याकडेच सोपवावे आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करून पाहावा.

सिनेगॉगची भिंत पाडणे किंवा त्याचा भाग बदलणे धर्मशास्त्राला मान्य आहे का?

नवे सिनेगॉग उभे राहिल्याशिवाय जुने पाडू नये, असा दंडक तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आहे, कारण पाडल्यानंतर बांधकाम रखडले तर समाज प्रार्थनास्थळाला मुकेल. वास्तू कोसळण्याच्या स्थितीत असेल तर अपवाद आहे. दुरुस्तीसाठी आणि विस्तारासाठी भिंतीचा भाग काढण्याचा प्रश्न याच तत्त्वाच्या प्रकाशात सोडवला जातो. दुसरे तत्त्व पावित्र्याच्या चढत्या क्रमाचे आहे : सिनेगॉगपेक्षा तोरा हा हस्तलिखित धर्मग्रंथ ठेवण्याचे कपाट, कपाटापेक्षा तोरेची वस्त्रे, त्यांपेक्षा पवित्र ग्रंथ आणि सर्वांत वर तोरेची गुंडाळी. वस्तूचा किंवा तिच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा उपयोग या क्रमात वर चढावा, खाली उतरू नये. व्यवहारात याचा अर्थ असा, की जुन्या आरोन कोडेशच्या, म्हणजे तोरेच्या कपाटाच्या, लाकडाचे भोजनगृहात फळीकाम करणे योग्य नाही. ज्यू धर्मातील प्रत्येक प्रवाहाची शिस्त वेगळी असल्यामुळे आपल्या समाजाच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, आराखड्याच्या पहिल्याच टप्प्यात बोलवावे. नकाशे मंजूर झाल्यावर बोलावले, तर त्यांच्याकडे "नाही" म्हणण्याखेरीज फारसे काही उरत नाही.

जोडइमारत कोठे असावी आणि ती जुन्यासारखी दिसावी का?

या प्रश्नावर बैठका सर्वाधिक लांबतात. एक बाजू म्हणते की नव्या भागालाही तशाच कमानी, तसेच घुमट हवेत. दुसरी म्हणते की काचेचा स्वच्छ ठोकळा उभा करावा. संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून रूढ झालेले तत्त्व असे आहे, की नवी भर जुन्यापासून वेगळी ओळखू यावी, पण उंची, प्रमाण, सामग्री आणि रंग यांत तिने जुन्याशी सुसंवाद राखावा. हुबेहूब नक्कल केल्यास पन्नास वर्षांनी जुने कोणते आणि नवे कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींची विश्वासार्हता जाते.

आमच्या मते उत्तम जोडइमारत जुन्या भिंतीला एकाच ठिकाणी आणि शक्यतो आधीपासून असलेल्या दारापाशी स्पर्श करते. दोहोंमध्ये हलक्या छपराचा, काचेच्या भिंतींचा अरुंद दुवा ठेवावा, म्हणजे जुनी बाह्यभिंत आतूनही दिसत राहते. नव्या पायाचे खोदकाम जुन्या पायाच्या अगदी लगत आणि त्याहून खोल गेले, तर जुनी भिंत खचण्याचा धोका असतो. शिवाय नवी इमारत पहिली काही वर्षे थोडी बसते आणि जुनी कधीच बसून स्थिरावलेली असते. म्हणून दोहोंत हालचालीचा सांधा ठेवलाच पाहिजे.

अमेरिकेत न्यूपोर्ट येथील १७६३ च्या टूरो सिनेगॉगसाठी अभ्यागत केंद्र २००९ मध्ये वेगळ्या इमारतीत उघडण्यात आले, त्यामुळे प्रार्थनागृहाला धक्काही लागला नाही. वॉशिंग्टनमधील १८७६ च्या सिनेगॉगची कथा अधिक विलक्षण आहे. ती विटांची छोटी वास्तू १९६९, २०१६ आणि २०१९ अशी तीन वेळा संपूर्ण उचलून हलवण्यात आली आणि आता २०२३ मध्ये उघडलेल्या ज्यू संग्रहालयाच्या नव्या इमारतीला जोडून उभी आहे. वास्तू हलवणे हा अखेरचाच उपाय समजावा.

विस्तारामुळे खिडक्या झाकल्या गेल्या तर?

शक्यतो झाकू नयेत. प्रार्थना खिडक्या असलेल्या घरात करावी अशी शिकवण तालमूदमध्ये आहे आणि बारा खिडक्या असणे इष्ट मानणारी परंपराही आहे. त्यामुळे प्रकाश हा येथे केवळ सोयीचा भाग नाही. लंडनच्या बेव्हिस मार्क्स या १७०१ च्या सिनेगॉगने शेजारच्या नियोजित ४८ मजली मनोऱ्याला विरोध केला, त्यातला मुख्य मुद्दा प्रकाशाचा होता, आणि २०२१ मध्ये त्या मनोऱ्याला परवानगी नाकारण्यात आली. शेजाऱ्याच्या मनोऱ्याविरुद्ध जो युक्तिवाद आपण करू, तो स्वतःच्या जोडइमारतीलाही लावून पाहावा.

बीमा आणि बाक हलवले तर सभागृहासारखा उपयोग होईल. तसे करावे का?

ही सूचना बहुधा सर्वांत तरुण सदस्याकडून येते आणि ती सरसकट झिडकारण्यासारखी नाही. तरीही बीमेच्या जागेला मोठा इतिहास आहे. तोरा वाचण्याचा हा चौथरा मध्यभागी असावा असे मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी लिहिले. एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी सिनेगॉगमध्ये तो पुढे आरोन कोडेशजवळ सरकवला जाऊ लागला, तेव्हा प्रेसबर्गचे रब्बी मोशे सोफेर यांनी त्याला ठाम विरोध केला. म्हणजे बीमा मध्यभागी आहे की पुढे, यावरून त्या समाजाने त्या काळी कोणती बाजू घेतली ते कळते. तो हलवणे म्हणजे दस्तऐवजातील ओळ खोडणे होय.

बाकांचा विचार थोडा वेगळा आहे. स्थिर बाक काढून सुट्या खुर्च्या ठेवल्या की सभागृह लवचीक होते, पण प्रतिध्वनी बदलतो, जमिनीवर बाकांच्या खुणा उघड्या पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या जागा नाहीशा होतात. बाकाच्या पाठीवरची पितळी नावपट्टी झिजून अक्षरे पुसट झालेली असतात आणि तिच्यासमोर त्या घरातला नातू बसलेला असतो. त्याला खुर्चीची लवचीकता समजावून सांगणे कठीण जाते. मधला मार्ग म्हणून मागच्या दोन-तीन रांगाच सुट्या कराव्यात, त्यांतील बाक दुरुस्त करून जोडइमारतीत वापरावेत आणि व्याख्याने, भोजने, नाट्यप्रयोग यांसाठी नवे सभागृहच घ्यावे.

चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला बीमेपर्यंत कसे नेता येईल?

तोरेसमोर बोलावले जाण्याचा मान पायऱ्यांमुळे कोणाला नाकारला जाऊ नये, हे आधी मान्य करावे. मग तपशिलांचे प्रश्न सुटतात. सर्वमान्य उतार एकास बारा आहे. बीमा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो आणि लहान प्रार्थनागृहात तो अर्धी जागा खातो. अशा ठिकाणी बीमेच्या मागच्या बाजूला बसवलेला, वापरात नसताना जमिनीशी समतल राहणारा छोटा उचलमंच उपयोगी ठरतो. तेही शक्य नसेल, तर त्या दिवशी वाचनाची मेजे खाली आणून तोरा तेथेच वाचता येईल का, हे रब्बींना विचारावे.

प्रवेशाचा मार्ग मात्र मुख्य दारानेच असावा. स्वयंपाकघराच्या मागून फिरवून आणणारा उतार नियमात बसतो, पण त्यात पाहुण्याचा मान राहत नाही.

स्त्रियांच्या सज्जाचे काय करावे?

समाज स्त्री-पुरुष एकत्र बसणारा असो वा नसो, सज्जा काढून टाकू नये. त्याची बीडाच्या खांबांची आणि कठड्याची रचना बहुधा संपूर्ण प्रार्थनागृहाचे प्रमाण ठरवते. पण तो वापरात ठेवायचा असेल, तर तुळयांची भार सोसण्याची क्षमता तपासावी, बाहेर पडायला दुसरा जिना द्यावा आणि कठड्याची उंची आजच्या सुरक्षेला पुरेशी आहे का ते पाहावे. जुने कठडे अनेकदा कमरेच्याही खाली असतात. त्यांच्या आतल्या बाजूने बारीक धातूचा किंवा काचेचा वाढीव कठडा स्वतंत्रपणे उभा केल्यास मूळ कठड्याला भोके पाडावी लागत नाहीत.

वातानुकूलन आणि वीजव्यवस्था कशी बसवावी?

यंत्रे जोडइमारतीत आणि नळ्या जमिनीखालून किंवा बाकांच्या खालून घ्याव्यात. बाकांखालून मंद गतीने थंड हवा सोडली की ती माणसांपर्यंतच पोहोचते आणि वरची उंच पोकळी थंड करण्यात वीज वाया जात नाही. छतातून मोठ्या नळ्या लोंबत ठेवल्या, तर रंगीत छत झाकले जाते. काहीच न बसवण्याचा पर्यायही विचारात घ्यावा. ॲमस्टरडॅमच्या १६७५ च्या पोर्तुगीज सिनेगॉगच्या मुख्य प्रार्थनागृहात आजही वीज नाही. सुमारे एक हजार मेणबत्त्यांचा उजेड असतो आणि थंडीत प्रार्थना आवारातल्या छोट्या, ऊबदार हिवाळी सिनेगॉगमध्ये होते. ऋतूनुसार जागा बदलणे ही यंत्रापेक्षा जुनी आणि स्वस्त सोय आहे.

शब्बाथचे नियम पाळणाऱ्या समाजाने वीजयंत्रणेत काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर आराखड्यात राहून गेले, तर ते उद्घाटनानंतरच्या पहिल्या शनिवारी सापडते. आजची स्वच्छतागृहे माणसाची चाहूल लागताच दिवे, नळ आणि पाण्याचा झोत आपोआप सुरू करतात. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्या काळात वीज सुरू-बंद करणेही वर्ज्य असल्याने हे सर्व टाळायचे असते. म्हणून सिनेगॉगमध्ये साधे नळ असावेत आणि चाहूल ओळखणारे दिवे एका कळीने वेळापत्रकावर टाकता यावेत. आपोआप उघडणारी दारे, प्रवेशपत्र वाचणारी कुलुपे आणि उद्वाहक यांनाही हे लागू आहे. शब्बाथ पद्धतीचा उद्वाहक कळ न दाबता ठरावीक वेळी प्रत्येक मजल्यावर थांबतो.

स्वयंपाकघर आणि मिक्वे यांबद्दल थोडक्यात?

कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात मांसाहार आणि दुग्धपदार्थ यांसाठी मोऱ्या, ओटे आणि भांडी ठेवायची जागा वेगळी लागते. त्यामुळे नेहमीच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त जागा धरावी. जुन्या तळघरात मिक्वे, म्हणजे विधिस्नानाचे कुंड, असेल तर त्याच्या पाण्याच्या मार्गाला प्लंबरने परस्पर हात लावू नये. मिक्वेत किमान ४० सेआ (सेआ हे प्राचीन ज्यू माप) नैसर्गिकरीत्या जमलेले पाणी असावे लागते आणि ते कोणत्या मार्गाने आले यावर त्याची वैधता अवलंबून असते. "गळती थांबवली" म्हणून एक नळी बदलली आणि मिक्वे निरुपयोगी झाले, असे होऊ शकते.

सुरक्षेसाठी दर्शनी भाग बदलावा लागेल का?

काही प्रमाणात लागेल, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जण मारले गेले. २०१९ मध्ये योम किप्पुरच्या दिवशी जर्मनीतील हाले येथे बंदूकधारी हल्लेखोराला सिनेगॉगचे बंद लाकडी दार फोडता आले नाही, त्यामुळे आत असलेले पन्नासहून अधिक जण वाचले, पण बाहेर दोघांचा बळी गेला. ते गोळ्यांनी छिद्रे पडलेले दार पुढे काढून आवारात स्मारक म्हणून उभे करण्यात आले. जुने दार कमकुवत असतेच असे नाही. त्याचे बिजागर, चौकट आणि कुलूप तपासून आतून पोलादी पाठ देता येते. दुहेरी दारांची तपासणीखोली जोडइमारतीत घेतल्यास मूळ दर्शनी भाग मोकळा राहतो. रस्त्याकडचे खांब झाडांच्या कुंड्यांच्या किंवा दगडी बैठकांच्या रूपात बसवले, तर प्रार्थनास्थळाला छावणीची कळा येत नाही.

काम चालू असताना सर्वांत मोठा धोका कोणता?

आगीचा. न्यूयॉर्कचे सेंट्रल सिनेगॉग हेन्री फर्नबाख यांनी बांधलेले, १८७२ चे. ऑगस्ट १९९८ मध्ये तेथे वातानुकूलनाचे काम चालू असताना लागलेल्या आगीत छप्पर कोसळले. सप्टेंबर २००१ मध्ये ते पुन्हा उघडेपर्यंत तीन वर्षे गेली. जुन्या छपरातील लाकडी कैच्या वाळून कोळ झालेल्या असतात आणि त्यांच्या सांदीत धूळ साचलेली असते, त्यामुळे एखादी ठिणगी तासाभराने पेट घेऊ शकते. म्हणून ज्योत किंवा झाळकाम लागणाऱ्या प्रत्येक कामाला त्या दिवसापुरती लेखी परवानगी असावी, ते दुपारनंतर सुरू करू नये आणि संपल्यावर किमान तासभर माणूस पहाऱ्याला ठेवावा. कामाच्या काळातील विमा वेगळा घ्यावा. तोरेच्या गुंडाळ्या काम सुरू होण्याआधीच दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवाव्यात.

मूळ रूप किती प्रमाणात परत आणावे?

अंदाज सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे, असे व्हेनिस सनद सांगते. हे पाळणे अवघड असते, कारण देणगीदारांना सर्व काही नव्यासारखे चकचकीत हवे असते. न्यूयॉर्कच्या १८८७ च्या एल्ड्रिज स्ट्रीट सिनेगॉगने यावर फार विचारपूर्वक उत्तर काढले. तेथील मुख्य प्रार्थनागृह विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडले होते आणि उरलेली मंडळी तळमजल्यावर प्रार्थना करीत. १९८६ मध्ये सुरू झालेला जीर्णोद्धार २००७ मध्ये पूर्ण झाला. पूर्वेकडील मोठ्या गोल खिडकीचे मूळ रूप दाखवणारा पुरावा मिळाला नाही, तेव्हा काल्पनिक "मूळ" न बनवता किकी स्मिथ आणि डेबोरा गॅन्स यांची नवी निळी, ताऱ्यांची खिडकी २०१० मध्ये बसवण्यात आली. त्याच वेळी उभे राहून डोलत प्रार्थना करणाऱ्यांच्या पावलांनी लाकडी जमिनीत पडलेले खळगे मात्र तसेच ठेवले. तासून सपाट करणे सोपे होते. पण आज तेथे उभे राहिले की पाय आपसूक त्या खळग्यात बसतो.

बर्लिनच्या नव्या सिनेगॉगची निवड याहून कठोर आहे. १८६६ ची ती वास्तू युद्धात उद्ध्वस्त झाली, मुख्य प्रार्थनागृहाचे अवशेष १९५८ मध्ये पाडले गेले आणि १९९५ मध्ये केवळ पुढचा भाग घुमटासह उभा करून उघडण्यात आला. मागची जागा मोकळी असून हरवलेल्या प्रार्थनागृहाची रेषा जमिनीवर दाखवली आहे.

माळ्यावर जुने कागद सापडले तर?

काम तेथेच थांबवावे. देवाचे नाव असलेले लेखन नष्ट न करता साठवण्याची, गेनिझाची, परंपरा असल्यामुळे माळे, भिंतीतील पोकळ्या आणि जिन्याखालच्या जागा कागदांनी भरलेल्या असू शकतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझातून अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेलेल्या सुमारे दोन लाख तुकड्यांनी मध्ययुगीन व्यापाराचा आणि कुटुंबजीवनाचा इतिहास नव्याने लिहायला लावला. जर्मनीतील फाइट्सह्योखहाइमच्या छोट्या सिनेगॉगमध्येही १९८० च्या दशकात नूतनीकरणाच्या वेळीच माळ्यावर असा साठा मिळाला. मजुरांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे, की माळ्यावरचा कचरा समितीच्या सदस्याने पाहिल्याशिवाय खाली टाकायचा नाही.

शनिवारी कंत्राटदाराला काम करू द्यावे का?

कंत्राटदार आणि मजूर ज्यू नसले तरी सिनेगॉगचे बांधकाम शब्बाथला आणि सणांना बंद ठेवण्याचीच प्रथा आहे. शुक्रवारी सूर्यास्ताआधी आवार रिकामे होईल आणि वर्षभरातील सणांच्या तारखा सुट्ट्या धरल्या जातील, असे करारातच लिहावे. करार झाल्यावर हे सांगितले की त्याची भरपाई मागितली जाते.

निधी कसा उभारावा?

टप्प्याटप्प्याने. एल्ड्रिज स्ट्रीटच्या कामाला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, हे लक्षात ठेवावे. सभागृहाला, वाचनालयाला, खिडकीला नाव देऊ इच्छिणारे देणगीदार मिळतात. पन्हळीवर नाव कोरून घ्यायला कोणी पुढे येत नाही. म्हणून प्रत्येक नामांकित देणगीतील ठरावीक भाग छप्पर, निचरा आणि देखभाल निधीकडे वळवण्याचा ठराव मोहीम सुरू होण्याआधीच करावा. जोडइमारत उभी राहिली की वीज, सफाई आणि पहारा यांचा वार्षिक खर्च वाढतो, त्याचे अंदाजपत्रकही बांधकामाच्या अंदाजपत्रकाला जोडूनच समाजासमोर मांडावे.

काढून ठेवलेल्या वस्तूंचे आणि स्मृतिफलकांचे काय करावे?

प्रत्येक वस्तूला क्रमांक, छायाचित्र आणि मूळ जागेची नोंद द्यावी. मृतांच्या पुण्यतिथीचे फलक मुख्य भिंतीवरून हलवायचेच असतील, तर त्या कुटुंबांना आधी पत्र लिहावे. ज्यांचे कोणीच उरलेले नाही अशांचे फलक नेमके याच वेळी अडगळीत जातात, म्हणून नव्या भिंतीवर पहिली जागा त्यांना द्यावी.